चरित्रं आणि पत्रसंग्रह संशोधनासाठी कसे निवडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाकडून विषय मंजूर झाला की एम.ए., पीएच.डी.ची मुलं आमच्या काउंटरवर येतात आणि म्हणतात, "सर, अमुक लेखकाचं चरित्र द्या." जणू एकच असतं. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर आले, ते इथे लिहून काढले आहेत. बहुतेक उदाहरणं मराठीतली आहेत, कारण बहुतेक विचारणारे मराठी विभागातले. इंग्रजीवाल्यांसाठीही मध्येच एक प्रश्न आहे.

एकाच लेखकाची चार चरित्रं कपाटात आहेत. कोणतं घ्यायचं हे पटकन कसं ठरवायचं?

पुस्तक शेवटून उघडा. सूची आहे का, टिपा आहेत का, चरित्रकारानं कोणती कागदपत्रं पाहिली त्याची नोंद आहे का, हे आधी बघा. मराठीत सूची नसलेली चरित्रं भरपूर आहेत, त्यामुळे सूची नाही म्हणून पुस्तक लगेच परत ठेवू नका. पण टिपाही नसतील आणि पानोपानी "तो मनाशी म्हणाला" अशी वाक्यं असतील, तर ते पुस्तक रात्री झोपताना वाचायला ठेवा, प्रबंधात नको.

त्यानंतर ऋणनिर्देश वाचा. तो कोणी वाचत नाही आणि खरी माहिती तिथेच असते. "कुटुंबीयांनी घरचा सगळा पत्रव्यवहार विश्वासानं माझ्या हाती दिला" असं वाक्य दिसलं की दोन गोष्टी कळतात. या माणसाला इतरांना न मिळालेले कागद मिळाले, आणि त्या विश्वासाला तडा जाईल असं काही लिहिताना त्याचा हात अडखळला असणार. दोन्ही लक्षात ठेवून पुढे जायचं.

मग एक छोटी चाचणी घ्या. त्या लेखकाच्या आयुष्यातली एखादी वादाची घटना घ्या, कोर्टकचेरी, नोकरी सुटणं, मैत्री तुटणं, काहीही, आणि चारही चरित्रांतली तेवढीच पानं वाचा. मर्ढेकरांवर काम करत असाल तर 'काही कविता'वरचा अश्लीलतेचा खटला घ्या. १९४७ साली आलेल्या पुस्तकावरच्या खटल्यातून ते १९५२ साली निर्दोष सुटले. कोण खटल्याचे कागद बघून लिहितो, कोण वर्तमानपत्रावर भागवतो आणि कोण दुसऱ्या चरित्रातून उचलतो, ते अर्ध्या तासात समजतं.

आणि पुस्तक पूर्ण आहे ना, हेही बघा. एम.फिल.च्या वेळी मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून एक चरित्र घेतलं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून खूष होतो. त्याचा शेवटचा फर्माच बांधणीत गळलेला होता, म्हणजे सोळा पानं, आणि टिपा नेमक्या त्यातच. मजकुरात टीप क्रमांक बघून मी समजून चाललो की आधार आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "या एकोणिसाव्या टिपेत काय आहे?" मला त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज अजून आठवतो.

'निवडक पत्रे' आणि 'समग्र पत्रे' यांत एवढा काय फरक आहे? निवडक घेतली तर चालतील का?

चालतील, पण निवडणारा कोण हे शोधून काढल्यावर. पत्रसंग्रहात दोन लेखक असतात. एक ज्यानं पत्रं लिहिली तो, आणि दुसरा ज्यानं कोणती छापायची ते ठरवलं तो. दुसऱ्याचं नाव मुखपृष्ठावर बारीक टाइपात असतं.

जी. ए. कुलकर्णींचं उदाहरण घ्या. 'जी. एं.ची निवडक पत्रे' हे मौज प्रकाशनानं काढलेले चार खंड. जी. ए. धारवाडला राहायचे, माणसांपासून जरा लांबच, आणि त्यांचं बरंचसं बोलणं पोस्टानं व्हायचं. म्हणून हे खंड हातात आले की मुलं हरखून जातात. नंतर एखाद्या प्रकरणात लिहितात, "जी. एं.नी या विषयावर कुठेच काही म्हटलेलं नाही." शीर्षकातला 'निवडक' हा शब्द विसरून लिहिलेलं हे वाक्य आहे. छापलेल्या पत्रांत नाही एवढंच तुम्ही म्हणू शकता. न छापलेल्यांत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि जी. ए. डिसेंबर १९८७ मध्ये गेल्यामुळे त्यांना विचारायची सोय नाही.

निवड वाईट हेतूनंच होते असं नाही. पुस्तकाला पानांची मर्यादा असते. हयात माणसांची अब्रू असते. ज्याच्याकडे पत्रं आली त्यानं सगळी दिलेलीच नसतात; कोणी घर बदललं, कोणाच्या माळ्यावर वाळवी लागली, कोणी म्हणालं "ही आमची खाजगी आहेत". चाळीतून फ्लॅटमध्ये जाताना मुंबईत किती ट्रंका रद्दीवाल्याकडे गेल्या असतील त्याचा हिशेबच नको. चांगला संपादक हे सगळं प्रस्तावनेत सांगतो: किती पत्रं मिळाली, किती घेतली, कुठे मजकूर गाळला, गाळल्याची खूण काय. तीन टिंबं लेखकाची की संपादकाची, हे जिथे स्पष्ट नाही तिथलं वाक्य उद्धृत करताना हात आखडता घ्या.

पत्रं एकाच बाजूची असतील तर?

बहुतेक वेळा तशीच असतात, कारण पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, मिळणाऱ्याकडे राहतं. लेखकाच्या घरात त्याला आलेली पत्रं सापडतात आणि त्यानं लिहिलेली गावभर पसरलेली असतात. टेलिफोनवर बोलणाऱ्या एकाच माणसाचं ऐकल्यासारखं होतं मग. दुसरी बाजू आपण मनानं भरतो आणि तिथे घसरतो.

म्हणून दुसरी बाजू छापली गेली आहे का हे आधी शोधा. जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या वेगळ्या पुस्तकात आहेत. दोन्ही टेबलावर शेजारी उघडी ठेवा आणि तारखेनं जुळवत वाचा. एकट्या जी. एं.च्या खंडात मधूनच आलेला एखादा परिच्छेद तिरकस वाटतो. समोरचं पत्र वाचलं की कळतं, ते उत्तर होतं. मी विद्यार्थ्यांना हा व्यायाम एक दुपारभर करायला लावतो. दोन-तीन जणांनी त्यानंतर प्रकरणच नव्यानं लिहिलं.

कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या लग्नाआधीच्या पत्रांचं 'कुसुमानिल' हे त्याच्या उलट. तिथे दोघंही एकाच पुस्तकात भेटतात. पण ते पुस्तक कुसुमावतीबाई गेल्यानंतर आलं, हेही टिपून ठेवा. दोघांपैकी एकाच्या मागे, दुसऱ्याच्या हयातीत छापलेला पत्रव्यवहार आहे तो.

शीर्षकात 'पत्रे' असेल तर तो पत्रव्यवहारच ना?

नाही. लोकहितवादींची 'शतपत्रे' मागायला दर वर्षी कोणीतरी येतो आणि "ही कोणाला लिहिली होती?" असं विचारतो. भाऊ महाजनांच्या मुंबईहून निघणाऱ्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून छापून आलेले ते निबंध आहेत. वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र हा त्या काळचा लेखनप्रकार. सगळ्या गावानं वाचावं म्हणूनच लिहिलेला मजकूर आणि मित्राला रात्री लिहिलेलं कार्ड यांना एकाच मापानं मोजता येत नाही. साने गुरुजींनी पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात, म्हणून ती वापरताना जास्त विचार करावा लागतो.

घरच्या माणसानं किंवा शिष्यानं लिहिलेलं चरित्र पक्षपाती म्हणून सोडून द्यावं का?

असं करू नका. न. चिं. केळकरांचं टिळकचरित्र १९२३ ते १९२८ या काळात तीन खंडांत आलं. केळकर टिळकांचे निकटचे सहकारी, 'केसरी'चे संपादक. तटस्थ नव्हतेच. पण टिळकांच्या खोलीत कोण कुठे बसायचं हे त्यांना माहीत होतं आणि नंतरच्या कुठल्याच अभ्यासकाला ते माहीत होणं शक्य नाही. असं चरित्र साक्षीदाराच्या जबानीसारखं वाचावं, न्यायाधीशाच्या निकालासारखं नव्हे. त्याच्या शेजारी य. दि. फडक्यांचं 'शोध बाळगोपाळांचा' ठेवा. टिळक आणि आगरकर यांच्या संबंधांकडे कागदपत्रं हातात घेऊन बघणारा माणूस वेगळे प्रश्न कसे विचारतो ते दिसेल.

दुसऱ्या टोकाला, चरित्रकार लेखकाला शोधत निघाला आहे, असं पुस्तक पाहायचं असेल तर जया दडकरांचं 'चिं. त्र्यं. खानोलकरांच्या शोधात' काढा. शीर्षकातच 'शोधात' आहे.

मी इंग्रजी विभागात आहे. परक्या लेखकांना हे सगळं लागू पडतं का?

पडतं, आणि मुंबईकराला त्यासाठी लांब जायला नको. रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. वडील लॉकवुड किपलिंग तिथेच शिकवायचे. त्याच्या चरित्रांची गोष्ट प्रत्येक संशोधकानं ऐकावी अशी आहे. लॉर्ड बर्कनहेडला कुटुंबाच्या संमतीनं चरित्र लिहायचं काम मिळालं. १९४८ साली त्यानं मसुदा दिला आणि किपलिंगच्या मुलीनं, एल्सी बॅम्ब्रिजनं, तो छापायलाच मनाई केली. मग दुसऱ्याकडून, चार्ल्स कॅरिंग्टनकडून, १९५५ साली 'अधिकृत' चरित्र आलं. बर्कनहेडचं पुस्तक बाहेर पडलं ते १९७८ साली, मुलीच्या मृत्यूनंतर. म्हणजे छापल्याचं साल बघून कोणी बर्कनहेडला कॅरिंग्टननंतरचा म्हटलं तर तो तोंडावर आपटतो. लिहिल्याचं साल आणि छापल्याचं साल वेगवेगळं नोंदवा.

त्यात भर म्हणजे किपलिंग पती-पत्नींनी स्वतःचे पुष्कळ कागद जाळून टाकले होते. तरीही टॉमस पिनी यांनी जगभर पसरलेली पत्रं गोळा करून १९९० ते २००४ या काळात सहा खंड काढले. लेखकानं घरातलं जाळलं तरी दुसऱ्यांच्या घरातलं उरतं, हे इथे नीट दिसतं.

चरित्रात्मक कादंबरीतला संवाद उद्धृत करू का?

नाही.

पुढचं स्पष्टीकरण आनंदीबाई जोशींवर काम करणाऱ्यांसाठी, कारण चूक तिथे सगळ्यात जास्त होते. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ ची. ती इतकी घरोघरी गेली, तिच्यावरून नाटक झालं, सिनेमा झाला, की गोपाळरावांचं त्यातलं बोलणं लोकांना इतिहास वाटतं. त्या आधी ऐंशी वर्षं, आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरात, १८८८ साली अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. नंतर काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं, पत्रांसह. पुढच्या काळात अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी मूळ कागदांपर्यंत जाऊन काम केलं. एवढं सगळं कपाटात असताना कादंबरीतलं वाक्य अवतरणचिन्हांत घालणं म्हणजे घरात विहीर असताना डबक्यातलं पाणी पिणं.

इथे आणखी एक मेख आहे, भाषेची. आनंदीबाईंनी न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटरना लिहिलेली पत्रं इंग्रजीत होती. मराठी पुस्तकात ती मराठीत दिसतात तेव्हा शब्द अनुवादकाचे असतात. 'आनंदीबाईंची मराठी शैली' असं प्रकरण त्या पत्रांवर उभं करून एक मुलगी माझ्याकडे आली होती. हुशार मुलगी. कोणती पत्रं मुळात मराठी आणि कोणती अनुवादित, याचा तक्ता आम्ही दोघांनी बसून केला. प्रकरणाची निम्मी पानं गळली आणि उरलेली निम्मी चांगली झाली.

मग आत्मचरित्र? ते तर लेखकाचंच.

तेही संपादित असतं. 'स्मृतिचित्रे' आपण लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक म्हणून वाचतो आणि ते आहेच, पण त्याचा चौथा भाग त्या गेल्यानंतर आला आणि तो पुरा केला मुलानं, देवदत्त टिळकांनी. शेवटाकडच्या पानांवरून लक्ष्मीबाईंच्या भाषेबद्दल विधान करायचं असेल तर जपून. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो अशी रचना आहे. कावाखाना या वस्तीचं वर्णन मुंबईचा पुरावा म्हणून वापरा, जरूर वापरा, पण सांगणारा आणि लिहिणारा असे दोघं लेखकानं मुद्दाम केले आहेत हे एका वाक्यात तरी म्हणा.

एकाच घरातली दोन माणसं लिहिती असतील तर दोघांचं वाचावं. पु. लं.वर काम करताना त्यांच्या पत्नी सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' टाळणारा विद्यार्थी मी पाहिला आहे. "सर, त्यानं माझ्या मनातली प्रतिमा बिघडेल," म्हणाला.

जुनी आवृत्ती घ्यावी की नवी? नवी सुधारलेली असते ना?

असते किंवा नसते. मराठीत मुखपृष्ठावर 'पाचवी आवृत्ती' लिहिलेलं असतं आणि आत पहिल्या आवृत्तीचं नुसतं पुनर्मुद्रण असतं. शीर्षकपानाच्या मागचं पान बघा, नव्या आवृत्तीची वेगळी प्रस्तावना आहे का बघा, पानांची संख्या मोजा.

पत्रांच्या बाबतीत तर नव्या आवृत्तीचा एक खास धोका आहे, तो म्हणजे शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली लागू झाले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीचा माणूस 'नांव', 'कांहीं', 'केलें', 'मुंबईंत' असं लिहायचा. नंतरचा संपादक वाचकाच्या सोयीसाठी सगळे अनुस्वार पुसून टाकतो. गोष्ट वाचायची असेल तर काही बिघडत नाही. पण लेखकाच्या भाषेवर, बोलीवर, शिक्षणावर काम करत असाल तर तुमचा पुरावाच धुऊन निघाला. कोकणातून गिरणगावात आलेला माणूस घरी पत्र लिहिताना कसा लिहितो, हे शुद्ध केलेल्या पत्रात उरत नाही. 'लेखनपद्धती मूळाप्रमाणे ठेवली आहे' किंवा 'आजच्या नियमांप्रमाणे बदलली आहे' असं एक वाक्य संपादकानं लिहिलेलं असावं. नसेल तर जुनी प्रत शोधून एक-दोन पत्रं ताडून बघा.

मोठमोठ्या प्रकल्पांतही गोंधळ होतो. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड आहेत आणि त्यांत हजारो पत्रं आहेत. त्याची सुधारित आवृत्ती काढली, सीडीही निघाली. क्रम बदलला, काही मजकूर गळला. अभ्यासकांनी तक्रारी केल्या आणि २००५ मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली. त्यामुळे गांधींचं पत्र उद्धृत करताना नुसता खंड आणि पान पुरत नाही, कोणत्या आवृत्तीचा खंड ते लिहा. आणि पत्राची तारीख लिहा. खंड हलले तरी तारीख हलत नाही.

तारीख हलत नाही म्हणता, पण दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत. खरी कोणती?

केशवसुतांचीच जन्मतारीख घ्या. कुठे १५ मार्च १८६६ सापडते, कुठे ७ ऑक्टोबर १८६६. अशा वेळी एक निवडून गप्प बसू नका. दोन्ही द्या, कोणती कुठून आली ते सांगा.

पत्रांत चूक बहुधा शकाच्या हिशेबात होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक सुरू होतो चैत्रात आणि सन बदलतो जानेवारीत. शके १८०६ च्या चैत्रातलं पत्र १८८४ चं, पण त्याच शकाच्या माघातलं पत्र १८८५ चं. तिथे ७९ मिळवावे लागतात. पौष तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तिथे जुनं पंचांगच हवं. संपादकानं सरसकट ७८ मिळवले असतील तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असा पत्रव्यवहार दिसायला लागतो. क्रम असा विचित्र वाटला की पहिला संशय इथे घ्या.

पोस्टकार्ड असेल तर शिक्का बघा. माणूस तारीख चुकतो, विशेषतः जानेवारीत.

संपादकानं मायना आणि शेवट गाळला आहे. त्यानं काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं! माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आपल्या पत्रलेखनात नातं मायन्यातच सांगून टाकायची पद्धत होती. 'रा. रा.' लावून 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. 'स. न. वि. वि.' म्हणजे बरोबरीचा किंवा जरा दूरचा. 'ती.' कोणाला, 'चि.' कोणाला, 'अ. उ. आ.' (अनेक उत्तम आशीर्वाद) कोण लिहितो, 'सौ.'चं 'गं. भा.' (विधवेच्या नावाआधीचं 'गंगाभागीरथी') कधी झालं, एवढ्यावरून घरातलं काय काय कळतं. एखाद्या संपादकाला लिहिलेली वीस वर्षांची पत्रं असतील, तर 'स. न. वि. वि.' कधी सुटलं आणि नुसतं नाव कधी आलं, ती मैत्रीची तारीख. ते पुन्हा परत आलं तर भांडणाची. शेवटी 'लोभ असावा ही विनंती' आणि खाली नुसती सही, यांतही अंतर आहे.

आणि 'ता. क.'! पत्रभर तब्येत आणि पाऊस, आणि ता. क. मध्ये "कथा परत पाठवलीत तरी चालेल". पत्र लिहिलं गेलं होतं ते त्या ओळीसाठी. 'औपचारिक भाग गाळला आहे' असं लिहिणारा संपादक हे सगळं कात्रीनं उडवतो. असा संग्रह माहितीसाठी वापरा, नात्यांवर बोलण्यासाठी वापरू नका.

मुंबईत हे सगळं कुठे बघायला मिळेल?

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, ही पहिली पायरी. संस्था १८९८ ची आहे आणि मराठी नियतकालिकांच्या जुन्या फायली बघायच्या तर तिथेच जावं लागतं. पत्रं पुस्तकात येण्याआधी कितीदा तरी मासिकांत, दिवाळी अंकांत छापून आलेली असतात, आणि पुस्तकात गाळलेला परिच्छेद तिथे सापडतो. साहित्य अकादेमीचं कार्यालयही त्याच रस्त्यावर आहे. 'भारतीय साहित्याचे निर्माते' या मालिकेतल्या छोट्या पुस्तिका सुरुवातीला वाचायला बऱ्या, शेवटचा आधार म्हणून नाहीत.

फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटी, एकोणिसाव्या शतकासाठी. काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, जर तुमचा लेखक सरकारी नोकरीत होता किंवा सरकारच्या नजरेत होता तर; आणि त्या काळातले निम्मे लेखक यांतल्या एका वर्गात बसतात. कालिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, आधीचे प्रबंध चाळायला. गांधींसाठी लॅबर्नम रोडवरचं मणिभवन. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईच्या आधीचं. ठाणेकर हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

जाण्याआधी घरी बसून शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बघा. १८०० ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं तिच्या दोन भागांत आहेत. नावं आणि साल घेऊन काउंटरवर गेलात तर पुस्तक मिळतं. "त्या काळातलं काहीतरी" मागितलंत तर चहा मिळतो.

इंटरनेटवरची स्कॅन प्रत चालेल?

वाचायला उत्तम. उद्धृत करण्याआधी शीर्षकपान, साल आणि शेवटची पानं स्कॅनमध्ये आहेत का पाहा. माझा फर्मा आठवा. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधातून पत्राचा उतारा घेतलात तर तो मूळ संग्रहात जाऊन ताडा. तिथे चुकलेली तारीख नंतरच्या तीन प्रबंधांत तशीच उतरलेली मी पाहिली आहे.

एका लेखकाच्या नातेवाइकांकडे न छापलेली पत्रं आहेत. ती वापरता येतील?

कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकूर ज्यानं लिहिलं त्याचा. ट्रंक ज्यांच्या घरात आहे त्यांनी हो म्हटलं म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं होत नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या वारसांनाही विचारावं लागतं. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मरणोत्तर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं त्या प्रसिद्धीपासून मोजतात. संशोधनासाठी, समीक्षेसाठी मोजका उतारा घ्यायला कायद्यात वाव आहे. अख्खं पत्र परिशिष्टात टाकायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा पुरत नाही.

पहिल्या भेटीत मोबाइल बाहेर काढू नका. आजी किंवा काका जे सांगतील ते ऐका, चहा घ्या. पत्रं मोडीत असतील तर घाबरू नका. मोडी काही महिन्यांत वाचता येते, पण सवय रोज हवी. आणि पत्रं ज्या गठ्ठ्यात, ज्या क्रमानं बांधलेली आहेत तो क्रम मोडण्याआधी लिहून घ्या. कोणीतरी कधीतरी काही विचार करून ती तशी बांधली होती.

टिपणं कशी ठेवावीत?

मुलं पानांचे फोटो काढतात आणि सहा महिन्यांनी विचारतात, "सर, हे पान कोणत्या पुस्तकातलं?" पहिला फोटो शीर्षकपानाचा, दुसरा त्याच्या मागच्या पानाचा, मग हवं ते पान. प्रत्येक पत्राला एक कार्ड, किंवा फाइलीत एक ओळ: कोणी, कोणाला, कुठून, पत्रावरची तारीख जशीच्या तशी, तिची इसवी सनातली तारीख, मुळातली भाषा, मूळ कागद पाहिला की छापील, छापील असेल तर संपादक कोण आणि आवृत्ती कोणती, गाळल्याच्या खुणा आहेत का. आणि एक रकाना रिकामा ठेवा, 'उत्तर कुठे आहे?' म्हणून. बहुतेक कार्डांवर तो रिकामाच राहतो. ज्या दिवशी भरतो त्या दिवशी मुलं काउंटरवर धावत येतात आणि वाचनालयात आवाज करू नये हे मला त्यांना सांगवत नाही.